येथील घड्याळे बरोबर आहेत

डोंबिवली पूर्व
१६ एप्रिल

प्रिय आनंददादा,

तुला फोन केला की तू सगळं ऐकून "बघतो" म्हणतोस, आणि व्हॉट्सअॅपवर लिहायची मला धास्ती वाटते. मागे सरोजआत्याबद्दल तुला लिहिलेलं सगळं मी फॅमिली ग्रुपवर टाकलेलं, आठवतंय ना? आत्याने त्यावर अंगठा टाकला. अजून कळलेलं नाही की तिला राग आला की पटलं. म्हणून ही ई-मेल. नीट बसून वाच.

आमच्या मंगल कार्यालयातल्या घड्याळांनी माझा जीव खाल्लाय. मोठ्या हॉलमध्ये एक वेळ, वरपक्षाच्या खोलीत दुसरी, जेवणाच्या हॉलमध्ये तिसरीच. परवाच्या लग्नात मुहूर्त झाला, मामा मुलीला घेऊन उभे, दोन गुरुजींनी अंतरपाट धरलेला, आणि अंतरपाटापलीकडे कोणी नाही! नवरदेव खोलीत इडली खात होता. त्याच्या भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे त्याला अजून वेळ होता. बिचाऱ्याची काय चूक? मंगलाष्टकं संपवून पुन्हा पहिल्यापासून म्हणावी लागली.

आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष परशुरामकाका स्वतः समोर बसलेले. मला बोलावून म्हणाले, "उत्तराताई, १८ मेला माझ्या नातीचं, समृद्धीचं लग्न याच हॉलमध्ये आहे. तिचा मुहूर्त चुकला, तर मी कार्यालय ठेकेदाराला चालवायला देतो." ठेकेदार आपला मॅनेजर घेऊन येतो, दादा. म्हणजे बारा वर्षं इथे घालवून मी घरी.

ट्रस्टने आता एक सर्व्हर आणि पाच स्क्रीन घेतलेत. प्रत्येक खोलीत वेळ दिसणार, मुहूर्ताला किती मिनिटं राहिली ते दिसणार, आणि मुहूर्ताच्या मिनिटाला सर्व्हर स्वतःच वाजंत्री वाजवणार. मुहूर्त काय तो मी फक्त भरायचा. आमचा डेकोरेटर बंटी म्हणाला, मला येतं, आणि त्याने सगळं जोडून दिलं. आता आधी तीन वेळा होत्या त्या पाच झाल्यात.

वागळे इस्टेटमधल्या त्या कंपनीत तू सर्व्हरच सांभाळतोस ना? रविवारी ये. पुरणपोळी आहे.

उत्तरा

---

कोपरी, ठाणे
२१ एप्रिल

प्रिय उत्तरा,

काल पुरणपोळ्या दोन जास्त खाल्ल्या. कामाच्या मानाने जास्त झाल्या का, असं येताना वाटत राहिलं. म्हणून काम काय केलं ते लिहितो, म्हणजे तुला ठरवता येईल.

प्रत्येक यंत्राच्या आत एक छोटं घड्याळ असतं आणि प्रत्येकाची चाल किंचित वेगळी असते. सोडून दिली की ती एकमेकांपासून लांब जातात. त्यासाठी सर्व्हरने इंटरनेटवरच्या खात्रीच्या घड्याळांना अधूनमधून वेळ विचारायची, आणि स्क्रीननी सर्व्हरला. आपल्या मनाने कोणी चालायचं नाही. (हे लिहिताना आपण सासुरवासाचं वर्णन करतोय की काय असं वाटलं.) मी सर्व्हरला अशी चार घड्याळं नेमून दिली आहेत. एखादं भलतंच बोलायला लागलं, तर बाकीची तीन त्याला गप्प करतात. विचारल्यापासून उत्तर येईपर्यंत जो वेळ जातो, तोही हिशेबात धरला जातो. ही सोय माणसांत असती तर मी फोनवर बरा बोललो असतो.

बंटीने काय केलं होतं सांगू? सर्व्हरला वेळ विचारायला जेवणाच्या हॉलमधल्या स्क्रीनकडे पाठवलं होतं, आणि ती स्क्रीन सर्व्हरला विचारत होती. दोघं दिवसभर "तू सांग", "नाही, तू सांग" करत बसले होते. बंटीला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग सर, दोघांनी मिळून ठरवायचं ना!" मी त्याला चहा आणायला पाठवलं.

एक शंका मनात आहे. फरक छोटा असेल तर सर्व्हर घड्याळ सावकाश, कोणाला न कळता जुळवून घेतो. मोठा असेल तर एका झटक्यात दुरुस्त करू दे, असं मी ठेवलं आहे. घरी आल्यावर वाटलं, झटका देणं योग्य का? पण मोठा फरक पडायला कारणच काय?

पाचही स्क्रीन आता एकच वेळ दाखवतात, आणि ती खरी आहे. समृद्धीचा मुहूर्त चुकायचं कारण उरलेलं नाही.

तुझा,
आनंद

---

डोंबिवली पूर्व
३० एप्रिल

प्रिय दादा,

कारण उरलेलं आहे.

आज मुंज होती. पाचही स्क्रीन एकदम सरळ. मी चहा हातात घेऊन बघत उभी राहिलेली, पाचवीतल्या मुलांच्या कवायतीसारखं दिसत होतं. आणि मुहूर्ताला बटू पाटावर, आईबाबा पाटावर, रवींद्रगुरुजींचा पत्ता नाही. शोधलं तर जेवणाच्या हॉलमध्ये कॉफी फुंकत बसलेले. मी म्हटलं, "गुरुजी, मुहूर्त टळला!" ते म्हणाले, "छे हो, अजून दहा मिनिटं आहेत. तुमचं घड्याळ पुढे असतं."

दादा, चूक माझी. तुला सांगायचं राहिलं. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. आमच्या मोठ्या हॉलमधलं घड्याळ कार्यालय सुरू झाल्यापासून दहा मिनिटं पुढे लावलेलं असायचं. लोक वेळेवर यावेत म्हणून. आणि ते पुढे असतं हे अख्ख्या डोंबिवलीला माहीत होतं, म्हणून लोक त्यातून दहा वजा करायचे. गुरुजी वजा करतात, आमच्या स्वयंपाकघरातल्या हौसाबाई वजा करतात, वाढपी करतात. आज तुझी खरी वेळ सगळ्यांनी वजा केली. पंगतसुद्धा दहा मिनिटं उशिरा बसली.

परशुरामकाकांना कळलं. त्यांनी ठेकेदाराला चहाला बोलावलंय. मी स्वतः चहा सांगितला.

तर एवढंच कर, सर्व्हर दहा मिनिटं पुढे करून दे. घरून होईल ना? सगळं पूर्वीसारखं सुरळीत होईल.

उत्तरा

---

कोपरी
१ मे

प्रिय उत्तरा,

तुझी मागणी वाचून मी सुट्टीचा दिवस अस्वस्थतेत घालवला.

नाही म्हणताना तुझी नोकरी डोळ्यांसमोर येते, हो म्हणताना सर्व्हर येतो. त्याला मी नुकतंच खरं बोलायला लावलं आहे. दहा-बारा दिवसांत त्यालाच बोलावून "आता खोटं बोल" म्हणायचं?

शिवाय मी कोणत्या तोंडाने उपदेश करतो, हाही प्रश्न आहे. आमच्या भिंतीवरचं घड्याळ देवयानीने लग्नानंतर लगेचच पंधरा मिनिटं पुढे करून ठेवलं. मी त्यातून रोज पंधरा वजा करून घराबाहेर पडतो. म्हणजे ती पुढे ढकलते, मी मागे ओढतो, आणि मी बरोबर वेळेवर ऑफिसला पोचतो. ती समजते, तिच्या घड्याळामुळे. हा संसार आहे की परस्परांची फसवणूक, यावर आज डायरीत दोन पानं लिहिली. निष्कर्ष निघाला नाही.

आता तांत्रिक बाजू. नुसती वेळ पुढे करून काही उपयोग नाही, सर्व्हर बाहेर विचारून ती पुन्हा खरी करील. त्याला खोटं बोलायला लावायचं तर आधी खऱ्या घड्याळांपासून तोडावं लागेल. मागची निळी वायर काढायची आणि मग सेटिंगमध्ये जाऊन हाताने वेळ पुढे करायची, की झालं. पण तसं करू नये.

त्यापेक्षा लोकांना सरळ सांग. दर्शनी भागात एक बोर्ड लाव: "येथील घड्याळे बरोबर आहेत." माणसं मुळात समजूतदार असतात.

आनंद

---

डोंबिवली पूर्व
८ मे

प्रिय दादा,

बोर्ड लावला. पिवळ्यावर लाल अक्षरं, चपलांच्या स्टँडच्या वर. लोक त्याच्यासमोर उभे राहून सेल्फी काढतायत. गुरुजींनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "बोर्ड लावायची वेळ आली म्हणजे नक्की गडबड आहे." आता ते वीस वजा करतात.

पण ते सोड. आज जे झालं ते ऐक, आणि हसू नकोस.

आज लग्न होतं. मुहूर्ताला चांगला अवकाश होता. वधू खोलीत, वर खोलीत. स्टेजवर फक्त बंटी, शिडीवर चढून झेंडूची माळ सारखी करत होता. लोक खुर्च्यांवर, हातात अक्षता वाटून झालेल्या. आणि एकदम सर्व्हरने वाजंत्री सुरू केली! ढोल, सनई, सगळं, फुल आवाजात. वाजंत्री वाजली की माणूस विचार करत नाही रे. तीनशे माणसं उठून उभी राहिली आणि सगळ्यांनी बंटीवर अक्षता टाकल्या. टाळ्यासुद्धा वाजवल्या. मागच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "मुलगा सावळा आहे, पण हसरा आहे."

बंटीने शिडीवरूनच नमस्कार केला.

नंतर खऱ्या मुहूर्ताला सर्व्हरने वाजंत्री परत वाजवली, बिनचूक. पण तोवर अक्षता संपलेल्या. लोक खाली वाकून गोळा करत होते. नवरीच्या डोक्यावर निम्म्या झेंडूच्या पाकळ्या पडल्या.

मुहूर्ताचं मिनिट दोनदा आलं, दादा! सर्व्हरच्या मनानेच झालं सगळं. मी हातसुद्धा लावलेला नाही. समृद्धीचं लग्न दहा दिवसांवर आलंय. काय ते बघ.

घाबरलेली,
उत्तरा

---

कोपरी
९ मे

प्रिय उत्तरा,

हसलो. क्षमा कर. देवयानीने "काय झालं?" म्हणून विचारलं, तिला सांगताना पुन्हा हसलो. मग हसल्याचं वाईट वाटलं आणि विचार करायला बसलो.

प्रथम संशय स्वतःवर घेतला. मोठा फरक दिसला तर झटक्यात दुरुस्त कर, हे मीच सांगून ठेवलं होतं. पुढे गेलेलं घड्याळ झटक्यात मागे आलं, तर होऊन गेलेली मिनिटं पुन्हा येतात आणि त्यातलं कामही पुन्हा होतं. म्हणजे दुसऱ्यांदा वाजंत्री का वाजली, ते कळलं. त्याला मी जबाबदार आहे.

पण पहिल्यांदा का वाजली? घड्याळ आपोआप चुकतं ते सेकंदाच्या कणाकणाने. एका सकाळीत इतकं पुढे जायला त्याला कोणाचा तरी हात लागतो. आणि तसा तो लागताना सर्व्हरचं बाहेरचं बोलणंही तुटलेलं असावं लागतं.

मी कोणावर आरोप करत नाही. कदाचित उंदीर असेल. पण उंदराने वायर कुरतडली असती तर ती पुन्हा जोडली नसती.

तुला काही आठवतंय का?

आनंद

---

डोंबिवली पूर्व
१० मे

दादा,

हो, मीच.

तू एवढं व्यवस्थित लिहून पाठवलेलंस, निळी वायर काढायची, सेटिंगमध्ये जायचं. "पण तसं करू नये" एवढंच मी वाचलं नाही, असं समज. सकाळी वायर काढली आणि घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. मुहूर्त भरला तो खरा भरला, वाजंत्रीही दहा मिनिटं आधी वाजेल हे डोक्यातच आलं नाही. आणि अमेरिकेतल्या मावशीला लग्न लाइव्ह दाखवायचं म्हणून कॅमेरावाल्याने कुठे नेट मिळतंय का बघत ती वायर परत जोडली. बंटीचं लग्न लागल्यावर लगेच. बाकी तुला माहीत आहे.

काल रात्री जेवताना वाटलं, आपण या यंत्राच्या मागे उगाच लागलोय. बिघाड त्याच्यात नाही, गुरुजींच्या डोक्यात आहे. ते दहा वजा करतात, आता वीस. तिथे तुझी वायर पोचत नाही, पण माझी जीभ पोचते.

म्हणून ठरवलं. सर्व्हर खरं बोलेल, खोटं मी बोलेन.

आज सकाळी गुरुजींना बाजूला घेऊन कानात सांगितलं, "कोणाला बोलू नका, पण त्या नव्या मशीनमुळे आमची घड्याळं दहा मिनिटं मागे पडलीत. काकांना कळलं तर माझी नोकरी जाईल." गुरुजींनी डोळे मिटून मान हलवली. म्हणाले, "माझ्या पोटात राहील."

दुपारी हौसाबाई मला विचारत होत्या, "ताई, घड्याळं मागं पडली म्हनं? कुनाला सांगत नाय मी." संध्याकाळी भाजीवाल्याने विचारलं.

आता तू म्हणशील, हे योग्य का.

उत्तरा

---

कोपरी
१२ मे

प्रिय उत्तरा,

हे योग्य का?

दोन दिवस विचार केला. खऱ्या घड्याळाबद्दल खोटं सांगून लोकांना खऱ्या वेळेवर आणणं, यात पाप किती आणि पुण्य किती, ते मला वेगळं काढता येत नाही. तुझी नोकरी त्यात आहे, म्हणून मी गप्प बसतो. गप्प बसणं म्हणजे सामील होणं का, हा पुढचा प्रश्न आहे. तो १८ तारखेनंतर घेईन.

एवढं मात्र नक्की करीन. त्या दिवशी मुहूर्ताच्या दहा मिनिटं आधी येऊन सर्व्हरशेजारी खुर्ची टाकून बसेन आणि निळ्या वायरीला कोणाला हात लावू देणार नाही. तुलाही नाही. देवयानीला तिच्या मैत्रिणीकडे जायचं आहे, म्हणून मी एकटाच येईन. अक्षता घरूनच घेऊन येतो. बंटीचा अनुभव लक्षात घेता जवळ असलेल्या बऱ्या.

तुझी सगळी पत्रं देवयानीला वाचून दाखवली, आणि घरच्या घड्याळाबद्दल मी तुला काय लिहिलं तेही. ती बराच वेळ भिंतीकडे बघत होती. दुखावली की काय, कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

आनंद

---

डोंबिवली पूर्व
१९ मे

प्रिय दादा,

तू होतास कुठे?

मी तुझ्यासाठी खुर्ची टाकलेली, पंखा लावलेला. तू येईनास, फोन उचलेनास. शेवटी निळ्या वायरीसमोर मी बंटीला बसवलं. तो म्हणाला, "ताई, हिच्यामुळेच माझं लग्न लागलं, हिला सोडून कुठे जातो."

काय झालं सांगते. गुरुजी मुहूर्ताच्या इतके आधी स्टेजवर येऊन बसलेले की त्यांना कॉफी तिथेच नेऊन दिली. वरपक्षाचे लोक, वधूपक्षाचे लोक, मामा, फोटोवाले, सगळे हजर. सगळे एकमेकांच्या कानात सांगत होते, "घड्याळ मागे आहे हां, बाहेर बोलू नका." वराची आई तर मलाच सांगून गेली. मी म्हटलं, हो का!

स्क्रीनवरची मिनिटं संपत आली, गुरुजींनी "सावधान" म्हटलं, अंतरपाट दूर झाला, आणि त्याच क्षणी वाजंत्री. दादा, अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना माणूस होतं.

परशुरामकाका आपलं मनगटी घड्याळ हातात धरून स्क्रीनकडे बघत उभे. वाजंत्री संपल्यावर माझ्याजवळ आले. मला वाटलं, संपलं. ते म्हणाले, "उत्तराताई, लोक म्हणतात घड्याळ मागे आहे. पण माझ्या घड्याळाशी तर तंतोतंत जुळलं." मी म्हटलं, "काका, लोक काहीही म्हणतात." ते म्हणाले, "ठेकेदाराला नको म्हणून कळवतो. त्याने काल मला भेटायला अर्धा तास उशीर केला."

मी तिथेच खुर्चीत बसले. तुझ्याच.

नंतर तुला पंगतीत पाहिलं. घामाघूम, डावी मूठ घट्ट मिटलेली, आणि उजव्या हाताने मसालेभात. मी दोन पंगतींच्या मध्ये पळत होते, बोलायला मिळालं नाही. काकांनी विचारलं, "तो मंगलाष्टकं संपल्यावर धावत आला तो कोण?" मी म्हटलं, "काका, त्यानेच आपली घड्याळं बरोबर केली." ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

काय झालेलं?

उत्तरा

---

कोपरी
२० मे

प्रिय उत्तरा,

सर्वप्रथम, तुझी नोकरी राहिली याचा आनंद. तो आधी लिहायला हवा, म्हणून आधी लिहिला.

आता माझं. रविवारी मी आंघोळ करून, झब्बा घालून, अक्षता मुठीत घेऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यातून नेहमीप्रमाणे पंधरा वजा केले आणि म्हटलं, अजून बराच वेळ आहे. चहा घेतला. चप्पल पुसली. निघालो. मुंब्र्याच्या पुढे फोन बघायला म्हणून खिशात हात घातला, तुझे सहा मिस्ड कॉल होते. आणि त्यावरची वेळ पाहून माझ्या मनात पहिला विचार आला, की मोबाइल बिघडला. वीस वर्षं मी या विषयाची भाकरी खातो, उत्तरा. फोन स्वतःची वेळ नेटवर्कवरून जुळवून घेतो, हे मी दुसऱ्यांना शिकवतो. तरी मी शेजारच्या गृहस्थांना वेळ विचारली. तेही चुकीचे निघतील म्हणून पलीकडच्या बाईंना विचारली. चौथ्या माणसाला विचारताना माझ्या लक्षात आलं की मी तुझ्या सर्व्हरसारखा वागतोय, आणि सगळ्यांत वेडंवाकडं बोलणारं घड्याळ मी आहे.

संध्याकाळी देवयानीला विचारलं. ती म्हणाली, "तुझं पत्र ऐकून मला लाज वाटली रे. म्हटलं, एवढा तत्त्वाचा माणूस, आणि मी याला इतकी वर्षं खोट्या घड्याळाखाली ठेवलं. म्हणून शनिवारी रात्री तू झोपल्यावर ते बरोबर करून ठेवलं. म्हटलं, तुला सांगायचं नाही, आपोआप कळेल."

आपोआप कळलं.

अक्षता वाया गेल्या नाहीत. समृद्धी नवऱ्याबरोबर जेवायला बसली, तेव्हा तिच्या पाठीमागून जाऊन हळूच टाकल्या. दोन-चार श्रीखंडात पडल्या. तिने वर पाहून विचारलं, "काका, आता?" मी म्हटलं, "आशीर्वादाला वेळ नसते." हे मला तिथल्या तिथे सुचलं, याचं अजून आश्चर्य वाटतं.

देवयानीने घड्याळ पुन्हा पुढे करू का विचारलं. मी बराच विचार करून नको म्हटलं. ते तसंच खरं राहू दे. पण हात सवयीचा आहे. काल ऑफिसला उशीर झाला, आजही झाला. दारातून बाहेर पडताना पंधरा वजा होऊन जातात, मी काही करायच्या आत.

तुझ्या चपलांच्या स्टँडवरचा तो पिवळा बोर्ड आता तुला नको असेल. कोपरीला पाठवून दे. खिळे आणून ठेवले आहेत.

तुझा,
आनंद